डावखुरी गाठ

आमच्याकडे नाव येत नाही.
येतो एक क्रमांक, वय, मृत्यूचं कारण
आणि घोट्याला बांधलेला बिल्ला.
बाकीचं वरच्या मजल्यावर, कुलुपात.

मार्चमधल्या एका मंगळवारी एक बाई आली,
वय चौऱ्याऐंशी, कारण हृदय.
डंडीत तेव्हा बारीक गारा पडत होत्या.
मी तिचे केस उतरवले, हात पुसले,
आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी
गळ रुतल्याचा जुना वण दिसला,
स्वल्पविरामाएवढा.

एफी स्वांकी.

आर्ब्रोथच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये
तिनं मला फाटकी जाळी सांधायला बसवलं होतं.
मी नऊ वर्षांचा, घरातून नकोसा झालेला.
ती समोर बसायची, डावखुरी,
आणि मी आरशात पाहावं तसं तिचं पाहून शिकलो.
"बघतोस काय? डोळे मिट.
अंधारात सुटेल ती गाठ नव्हे."
म्हणून आजही मी जेवतो उजव्या हातानं, सही उजव्यानं,
गाठ मात्र डाव्यानं मारतो.

ओळखीचं कुणी आलं तर सांगायचं, असा नियम आहे.
मी सांगितलं.
डॉक्टर मॉरव्हेननी पेन खाली ठेवलं.
"नात्यातल्या?"
"नाही."
"मग कोण?"
त्यांच्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
हवं तर दुसऱ्या कुणाला देते म्हणाल्या.
नको म्हटलं.

मग ती सहा महिने मिठाच्या द्रावात होती.
मीठ तिचं काय वाकडं करणार!
जन्मभर खारात हात घालून बसलेली बाई.
आमच्या पद्धतीत देह ताठत नाही,
मनगट वळतं, कोपर दुमडतं,
पोटाची कातडी सुरीखाली जिवंतासारखी सरकते.
नवखे दचकतात.
मी त्यांना स्टूल देतो, पाणी देतो,
बोलत नाही. बोलणं माझ्या कामात बसत नाही.

सप्टेंबरात सर्जरीची पोरं आली.
आतड्याची दोन टोकं, मध्ये बारीक दोरा,
जोडा आणि पाणी भरून पाहा, गळतं का.
सगळ्यांचं गळलं. इफेओमाचं तीनदा.
ती डावखुरी. शिकवणारे उजवे, चित्रं उजवी,
कात्रीसुद्धा उजवी.
"हात बदल," सर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.
तिनं बदलला. दोरा तुटला.
मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले,
आणि मी हातातला दिवा
जरा जास्तच जवळ नेला.

"डॉक्टर," मी म्हणालो,
अकरा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा,
"डोळे मिटून बघा."

मग टेबलाच्या कडेला दोरा अडकवून
मी तिला दाखवली: वरून, खालून, फास, ओढ.
मऊ ओढ. जाळं ओढून घेतं, तू फक्त वाट दे.
हे वाक्य माझं नव्हतं.
ज्यांचं होतं त्या तिथंच होत्या,
हिरव्या चादरीखाली, पोट उघडं टाकून,
स्वतःचीच गाठ स्वतःत मारून घेत.

पाणी भरलं.
सर परत आले, वाकले, बोटानं दाबलं.
"हं," म्हणाले.
त्यांच्याकडून एवढंच मिळतं, आणि ते पुष्कळ असतं.

मी सुया मोजल्या. बारा होत्या, बाराच भरल्या.
चादर ओढताना अंगठा आत घेतला.

मे महिन्यात चॅपेलमध्ये नावं वाचतात.
तेव्हा एकदाच, सगळ्यांसमोर, क्रमांकाशिवाय.
युफेमिया जीन स्वांकी.
जीन मला माहीत नव्हतं.
इफेओमा माझ्यापुढच्या रांगेत होती,
कोटाच्या सुटलेल्या धाग्याशी चाळा करत.
नाव ऐकून ती वळली नाही. का वळेल?
मी सांगायचं नाही, हाही नियम आहे.

जाळ्याची लाकडी सुई माझ्या खणात आहे,
नऊ वर्षांचा असताना उचललेली.
तिला ठाऊक होतं, असं मला नेहमी वाटतं.
परत द्यायची राहिली.